रिव्ह्यूमुळे नोकरी गेली, अस्थी फायलींच्या कपाटात राहिल्या : डोरोथी पार्कर नावाच्या समीक्षकाची गोष्ट

न्यूयॉर्कमध्ये एका वकिलाचं ऑफिस होतं. तिथं फायली ठेवायचं एक कपाट होतं आणि त्या कपाटात कोर्टकचेरीच्या कागदांसोबत एक डबा होता. डब्यात होत्या एका बाईच्या अस्थी.

एक-दोन महिने नाही, तर साधारण १५ वर्षं त्या तिथंच पडून होत्या. न्यायला कुणीच आलं नाही.

ही बाई कुणी अनोळखी, बेवारस नव्हती. अमेरिकेतल्या सगळ्यात गाजलेल्या मासिकांमध्ये तिचं नाव छापून यायचं. तिच्या कवितांचं पुस्तक बेस्टसेलर झालं होतं. ऑस्करसाठी तिला दोनदा नामांकन मिळालं होतं. ती पुस्तकाबद्दल काय लिहिते याची लेखक धास्ती घ्यायचे. आणि मरताना तिने आपलं सगळं काही अशा माणसाच्या नावावर केलं होतं, ज्याला ती आयुष्यात एकदाही भेटली नव्हती. त्या माणसाचं नाव मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर.

ही गोष्ट आहे डोरोथी पार्कर यांची. इन्स्टाग्रामवर काळ्या-पांढऱ्या फोटोखाली त्यांच्या नावाची वाक्यं तुम्हीही कधीतरी पाहिली असतील. त्यातली बरीचशी त्यांनी लिहिलेलीच नाहीत, पण त्यावर नंतर येऊ. आधी मुळापासून सुरुवात करू.

रॉथशील्ड, पण 'ते' रॉथशील्ड नाहीत

डोरोथी यांचा जन्म २२ ऑगस्ट १८९३ चा, न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँचचा. घर न्यूयॉर्कमध्ये, पण उन्हाळ्यात कुटुंब समुद्रकिनाऱ्यावर राहायला जायचं, तेव्हा तिथं त्यांचा जन्म झाला. माहेरचं आडनाव रॉथशील्ड. युरोपातल्या प्रसिद्ध बँकवाल्या रॉथशील्ड घराण्याशी मात्र काडीचाही संबंध नाही. वडील तयार कपड्यांच्या धंद्यात होते.

डोरोथी पाच वर्षांचीही झाली नव्हती, तेव्हा आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आईशी तिचं कधीच जमलं नाही आणि तीही काही वर्षांतच वारली. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं, त्यात तिच्या काकांचा जीव गेला. पुढच्याच वर्षी वडील गेले. वयाच्या विशीत डोरोथी पोरकी झाली.

हातात पदवी नव्हती आणि पाठीशी पैसा नव्हता. एका डान्स स्कूलमध्ये पियानो वाजवून तिचं पोट भरायचं. उरलेल्या वेळात ती कविता करायची आणि मासिकांना पाठवायची.

आठवड्याला १० डॉलर

१९१४ मध्ये 'व्हॅनिटी फेअर' मासिकाने तिची एक कविता विकत घेतली. बायका गप्पा मारताना कशा बोलतात, याची ती खिल्ली होती. मासिकाचे संपादक फ्रँक क्राउनिनशील्ड यांनी मुलीत चमक बघितली आणि मालक काँडे नास्ट यांच्याच दुसऱ्या मासिकात, 'व्होग'मध्ये, तिला चिकटवून दिलं. पगार आठवड्याला १० डॉलर.

काम काय? तर फॅशनच्या फोटोखालच्या ओळी लिहायच्या. आजच्या भाषेत कॅप्शन रायटर.

हे काम कुणीही पाट्या टाकत केलं असतं. डोरोथी यांनी मात्र बायकांच्या आतल्या कपड्यांच्या फोटोंखाली शेक्सपिअरच्या एका प्रसिद्ध वाक्याची मोडतोड करून ठेवली. शेक्सपिअरने थोडक्यात बोलणं म्हणजेच शहाणपण असं म्हटलं होतं, डोरोथी यांनी तोच 'थोडकेपणा' त्या कपड्यांना लावला. ती ओळ आजही त्यांच्या नावाने सांगितली जाते.

१९१७ मध्ये त्यांनी वॉल स्ट्रीटवरचे ब्रोकर एडविन पार्कर यांच्याशी लग्न केलं. हा संसार फार टिकला नाही, १९२८ मध्ये घटस्फोट झाला. पार्कर हे आडनाव मात्र त्यांनी जन्मभर ठेवलं.

एका रिव्ह्यूने नोकरी घालवली

आता येतो खरा टर्निंग पॉइंट.

१९१८ मध्ये 'व्हॅनिटी फेअर'चे नाट्यसमीक्षक होते पी. जी. वुडहाउस. होय, जीव्हजच्या गोष्टी लिहिणारे तेच वुडहाउस. ते रजेवर गेले आणि त्यांच्या जागी पार्कर यांना बसवण्यात आलं. ब्रॉडवेवरच्या नाटकांची समीक्षा एका बाईने करावी हेच तेव्हा अप्रूप होतं. अमेरिकेतल्या सगळ्या बायकांना मतदानाचा हक्क देणारी घटनादुरुस्ती अजून झाली नव्हती, ती १९२० ची.

ऑफिसमध्ये त्यांना दोन सोबती मिळाले, रॉबर्ट बेंचली आणि रॉबर्ट शेरवुड. तिघंही विशी-तिशीतले आणि तिघंही वरिष्ठांच्या डोक्याला ताप. १९१९ मध्ये मॅनेजमेंटने एक फतवा काढला की, कर्मचाऱ्यांनी आपला पगार एकमेकांना सांगायचा नाही. दुसऱ्या दिवशी या तिघांनी आपापल्या पगाराचा आकडा लिहिलेल्या पाट्या गळ्यात अडकवल्या आणि ऑफिसभर फिरले. पगार गुप्त ठेवा असं सांगणारे एचआर आजही आहेत, त्यामुळे ही गोष्ट शंभर वर्षं जुनी वाटत नाही.

पण पार्कर यांची नोकरी या पाट्यांमुळे गेली नाही, ती गेली रिव्ह्यूमुळे.

झालं असं की, 'सीझर्स वाइफ' नावाचं एक नाटक आलं. त्यात मुख्य भूमिकेत बिली बर्क होत्या. सिनेमाप्रेमी त्यांना 'द विझार्ड ऑफ ऑझ'मधली चांगली चेटकीण म्हणून ओळखतात. पार्कर यांनी त्यांच्या अभिनयाची तुलना उथळ, धांगडधिंग्याच्या नाचगाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या एका नटीशी केली. अडचण एवढीच होती की, बिली बर्क यांचे पती होते फ्लोरेन्झ झिगफेल्ड, म्हणजे ब्रॉडवेवरचे सगळ्यात वजनदार निर्माते.

आणि हे निर्माते मासिकाला जाहिराती द्यायचे.

झिगफेल्ड यांनी तक्रार केली. पार्कर यांच्या लेखणीने दुखावलेले आणखी दोन बडे निर्माते, डेव्हिड बेलास्को आणि चार्ल्स डिलिंगहॅम, यांचीही तक्रार होतीच. जानेवारी १९२० मध्ये संपादकांनी पार्कर यांना प्लाझा हॉटेलात चहाला बोलावलं आणि अतिशय सभ्यपणे सांगितलं की, नाट्यसमीक्षकाचं काम आता तुमच्याकडे राहणार नाही.

समीक्षा चुकीची होती असं कुणी म्हणत नव्हतं. ती महागात पडत होती, एवढाच मुद्दा होता.

यानंतर जे झालं ते पार्कर आयुष्यभर विसरल्या नाहीत. रॉबर्ट बेंचली यांना बायको होती, दोन लहान मुलं होती, दुसरी नोकरी हातात नव्हती. तरी त्यांनी पार्कर यांच्यासाठी राजीनामा दिला. शेरवुडही बाहेर पडले. आपल्या ओळखीतलं मैत्रीचं सगळ्यात मोठं उदाहरण कुठलं, तर हे, असं पार्कर यांनी पुढे ३६ वर्षांनी दिलेल्या मुलाखतीत सांगितलं.

पार्कर आणि बेंचली यांनी फ्रीलान्सिंगसाठी एक खोली भाड्याने घेतली. ती इतकी चिंचोळी होती की, अजून इंचभर लहान असती तर लोकांनी आमचं लफडं आहे असं म्हटलं असतं, असा विनोद पार्कर करायच्या.

हॉटेलातलं ते गोल टेबल

याच काळात न्यूयॉर्कच्या ४४ व्या रस्त्यावरच्या अल्गोन्क्विन हॉटेलात एक कट्टा जमायला लागला होता. सुरुवात झाली जून १९१९ मध्ये. नाट्यसमीक्षक अलेक्झांडर वूलकॉट पहिल्या महायुद्धातून परतले होते आणि सतत युद्धाच्याच गोष्टी सांगायचे. त्यांची फिरकी घ्यायला मित्रांनी जेवण ठेवलं. मजा आली, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा जमले. मग रोजच जमायला लागले, ते जवळपास दहा वर्षं.

पार्कर, बेंचली, शेरवुड तर होतेच. सोबत नाटककार जॉर्ज कॉफमन, कादंबरीकार एडना फर्बर, पत्रकार हेवुड ब्राउन, विनोदी नट हार्पो मार्क्स अशी मंडळी यायची. कुणी काही बोललं की दुसरा त्यावर तोडीस तोड टोला हाणायचा. टेबलावर फ्रँकलिन ॲडम्स नावाचे वर्तमानपत्रातले स्तंभलेखकही असायचे. दुपारी टेबलावर पडलेला विनोद ते आपल्या कॉलममध्ये छापायचे आणि तो शहरभर व्हायचा.

थोडक्यात सांगायचं तर आज एखादं ट्विट व्हायरल होतं, तसं तेव्हा या टेबलावरचं वाक्य व्हायचं. आणि सगळ्यात जास्त व्हायरल व्हायच्या त्या डोरोथी पार्कर.

याच टेबलावर हॅरोल्ड रॉस नावाचे एक संपादकही बसायचे. शहरी वाचकांसाठी खुसखुशीत साप्ताहिक काढायचं त्यांच्या डोक्यात होतं. २१ फेब्रुवारी १९२५ च्या तारखेचा त्याचा पहिला अंक आला आणि त्याचं नाव होतं 'द न्यू यॉर्कर'. सुरुवातीला पैशांची बोंब होती. एक किस्सा नेहमी सांगितला जातो. रॉस यांनी पार्कर यांना विचारलं, लिहायला ऑफिसात का आला नाहीत? त्यांचं उत्तर होतं, पेन्सिल दुसरं कुणीतरी वापरत होतं.

'नेहमीचा वाचक' कोण?

१९२७ च्या ऑक्टोबरमध्ये 'द न्यू यॉर्कर'मध्ये पुस्तकांचा एक कॉलम सुरू झाला. त्याखाली सही असायची 'कॉन्स्टंट रीडर', म्हणजे 'नेहमीचा वाचक'. संपादकाला पत्र लिहिणारी माणसं स्वतःचं नाव न देता अशी सही करतात, तशी. हा नेहमीचा वाचक म्हणजे डोरोथी पार्कर. हे फार काळ गुपित राहिलं नाही. पहिलं वर्षभर हा कॉलम नेमाने आला आणि नंतर १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अधूनमधून येत राहिला.

त्यात वेगळं काय होतं?

त्या काळची पुस्तक परीक्षणं म्हणजे प्राध्यापकी थाट असायचा. कथानक सांगायचं, दोन गुण, दोन दोष आणि शेवटी लेखकाला शुभेच्छा. पार्कर यांनी हा साचा मोडला. त्या परीक्षणाची सुरुवात कधी स्वतःच्या हँगओव्हरपासून करायच्या, तर कधी आज काम करायचा कसा कंटाळा आलाय यापासून. वाचकाला वाटायचं, आपल्यासारखंच कुणीतरी सोफ्यावर लोळत पुस्तक वाचतंय आणि मैत्रिणीला फोनवर सांगतंय.

पण गप्पा मारता मारता त्या नेमक्या जागी बोट ठेवायच्या. काही उदाहरणं बघा.

एमिली पोस्ट यांचं शिष्टाचारावरचं जाडजूड पुस्तक अमेरिकेत घराघरात होतं. काटा-चमचा कसा धरायचा, ओळख कशी करून द्यायची, सगळं त्यात. पार्कर यांनी दाखवून दिलं की, यातले नियम तंतोतंत पाळणारा माणूस कमालीचा कंटाळवाणा होईल.

इटलीचा हुकूमशहा बेनिटो मुसोलिनी याने तरुणपणी एक प्रेमकादंबरी लिहिली होती. १९२८ मध्ये तिचं इंग्रजी भाषांतर आलं. तेव्हा अमेरिकेतही मुसोलिनीचं कौतुक करणारे कमी नव्हते. पार्कर यांनी मात्र आपल्याला ही कादंबरी धड वाचवतच नाही, असं म्हणत तिची पार रेवडी उडवली.

आणि सगळ्यात प्रसिद्ध रिव्ह्यू म्हणजे 'द हाउस ॲट पूह कॉर्नर'चा. ए. ए. मिल्न यांचं विनी द पूह हे अस्वल तेव्हा मुलांपेक्षा मोठ्यांचंच जास्त लाडकं झालं होतं. ऑक्टोबर १९२८ मध्ये पार्कर यांनी ते पुस्तक हातात घेतलं. त्यातल्या एका लाडिक शब्दापाशी आल्यावर त्यांनी बोबड्या बोलात जाहीर केलं की, नेहमीच्या वाचकाला इथं ओकारी झाली. विषय संपला.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पूह आज जवळपास शंभर वर्षांनंतरही जगभर लाडका आहे. समीक्षकाने फटकारलं म्हणजे पुस्तक मरतंच असं नाही. पण मोठ्यांच्या पुस्तकात शिरलेला खोटा गोडवा पार्कर यांना का खुपला, हे तो रिव्ह्यू वाचल्यावर आजही कळतं.

फक्त झोडपायच्या का?

नाही. आणि हीच बाजू मीम्समध्ये येत नाही.

अर्नेस्ट हेमिंग्वे यांचा 'मेन विदाउट विमेन' हा कथासंग्रह १९२७ मध्ये आला. कथासंग्रह म्हणजे कादंबरीच्या मधल्या वेळेतला टाइमपास, असं बरेच जण समजायचे. पार्कर यांनी ठामपणे लिहिलं की, हेमिंग्वे कादंबरीकार म्हणून चांगले आहेतच, पण त्यांचं मोठेपण कथांमध्ये आहे. पुढे अनेक अभ्यासकांनी हेच म्हटलं.

१९२९ मध्ये त्यांनी 'द न्यू यॉर्कर'साठी हेमिंग्वे यांच्यावर मोठा व्यक्तिपरिचयही लिहिला. धैर्य म्हणजे दडपणाखालीही डौल न सोडणं, ही हेमिंग्वे यांची व्याख्या जगभर सांगितली जाते. लोकांपर्यंत ती पोहोचली ती याच लेखातून.

१९३१ मध्ये डॅशिएल हॅमेट यांच्या 'द ग्लास की' या रहस्यकथेबद्दल त्यांनी भरभरून लिहिलं. डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांना तेव्हा साहित्य म्हणून कुणी मोजत नव्हतं. पुस्तक कुठल्या खात्यात मोडतं यापेक्षा ते लिहिलंय कसं, याकडे पार्कर बघायच्या.

समीक्षेसोबत त्यांचं स्वतःचं लिखाणही चालू होतं. १९२६ चा 'इनफ रोप' हा कवितासंग्रह बेस्टसेलर ठरला. 'बिग ब्लाँड' या कथेला १९२९ चा ओ. हेन्री पुरस्काराचा पहिला मान मिळाला. पार्टीत सगळ्यांना हसवणारी, पण आतून पोखरलेली आणि दारूत बुडत चाललेली बाई हा त्या कथेचा विषय.

तो विषय त्यांना बाहेरून शोधावा लागला नव्हता. दारू, मोडलेली नाती, नैराश्य हे सगळं त्यांच्या आयुष्यात होतं. त्यांनी एकाहून अधिक वेळा स्वतःला संपवायचा प्रयत्नही केला. टेबलावर सगळ्यात जास्त हसवणारी व्यक्ती घरी गेल्यावर कशी असते, हे त्या काळात कुणी विचारत नव्हतं.

५ डॉलरचा दंड

'कॉन्स्टंट रीडर' सुरू होण्याच्या दोन महिने आधीची गोष्ट आहे. बोस्टनमध्ये साको आणि व्हान्झेटी या दोन इटालियन स्थलांतरितांना खुनाच्या आरोपाखाली मृत्युदंड ठोठावला होता. खटला न्याय्य झाला नाही, त्यांच्या अराजकवादी विचारांमुळे आणि परके असल्यामुळे त्यांना अडकवलं गेलं, असं जगभरातून म्हटलं जात होतं. पार्कर बोस्टनला गेल्या, मोर्चात चालल्या आणि त्यांना अटक झाली. दंड झाला ५ डॉलर. २३ ऑगस्ट १९२७ ला दोघांना विजेच्या खुर्चीत बसवून मृत्युदंड देण्यात आला.

पार्कर यांच्या आयुष्यातला राजकारणाचा धागा इथून दिसायला लागतो, आणि तो शेवटपर्यंत तुटला नाही.

१९३४ मध्ये त्यांनी नट आणि लेखक ॲलन कॅम्पबेल यांच्याशी लग्न केलं आणि दोघं हॉलिवूडमध्ये पटकथा लिहायला गेले. पैसा मासिकांपेक्षा कितीतरी जास्त होता. १९३७ च्या 'अ स्टार इज बॉर्न'च्या पटकथेसाठी दोघांना रॉबर्ट कार्सन यांच्यासोबत ऑस्करचं नामांकन मिळालं. हिचकॉक यांच्या 'सॅबटूर'च्या लेखनातही पार्कर होत्या. १९४७ च्या 'स्मॅश-अप' साठी त्यांचं नाव पुन्हा ऑस्करच्या यादीत आलं.

मात्र हॉलिवूडच्या पैशाने त्या गप्प बसल्या नाहीत. १९३६ मध्ये हॉलिवूडमध्ये नाझीविरोधी संघटना उभी राहिली, त्यात त्या पुढे होत्या. १९३७ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं असताना त्या तिथं गेल्या आणि 'न्यू मासेस' या डाव्या मासिकासाठी वार्तांकन केलं. जी बाई एका वाक्यात कुणाचीही टर उडवायची, तिने बॉम्बहल्ल्यात जगणाऱ्या सामान्य लोकांबद्दल लिहिताना विनोद बाजूला ठेवला. टवाळी हे हत्यार आहे असं म्हणायचे, पण ती फार तर ढाल असू शकते, हत्यार नव्हे, आणि काही गोष्टींवर हसता येत नाही, अशा आशयाचं त्यांनी तेव्हा लिहिलं.

याची किंमत नंतर मोजावी लागली. दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिकेत कम्युनिस्टांचा बागुलबुवा उभा राहिला. १९५० मध्ये 'रेड चॅनल्स' नावाची पुस्तिका निघाली. त्यात मनोरंजन क्षेत्रातल्या संशयितांची नावं होती, आणि पार्कर यांचंही होतं. स्टुडिओंचं काम थांबलं. एफबीआयने त्यांच्यावर जी फाइल तयार केली ती जवळपास हजार पानांची होती.

म्हणजे १९२० मध्ये जाहिरातदार नाराज झाले म्हणून नोकरी गेली, आणि १९५० मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम.

म्हातारपणी पुन्हा पुस्तकांकडे

सिनेमाचं दार बंद झाल्यावर त्यांना पुन्हा आधार मिळाला तो मासिकाचाच. १९५७ पासून 'एस्क्वायर' मासिकात त्या पुस्तकांवर लिहायला लागल्या. तोपर्यंत वय साठीच्या पुढे गेलं होतं, तब्येत साथ देत नव्हती आणि लेख वेळेवर देणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. संपादक लेखासाठी मागे लागायचे, तरी कॉलम १९६२ पर्यंत चालला.

इथली पार्कर वेगळी आहे. डंख आहे, पण आवडलेल्या पुस्तकाबद्दल सांगताना हात आखडता नाही. जेम्स थर्बर यांनी हॅरोल्ड रॉस यांच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्यावर त्यांनी लिहिलं. १९६२ मध्ये शर्ली जॅक्सन यांची 'वी हॅव ऑल्वेज लिव्ह्ड इन द कॅसल' ही कादंबरी आली. भय आणि रहस्य लिहिणाऱ्या जॅक्सन यांना अनेक समीक्षक हलक्यात घ्यायचे. पार्कर यांनी तिचं मनापासून कौतुक केलं. आज ती कादंबरी अमेरिकन साहित्यातली महत्त्वाची मानली जाते.

१९५६ मध्ये 'द पॅरिस रिव्ह्यू'ला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी स्वतःचंही परीक्षण करून टाकलं. खरा मार्मिकपणा आणि नुसती टवाळी यात फरक आहे, मार्मिकपणात सत्य असतं आणि टवाळी म्हणजे शब्दांची कसरत, असं त्यांचं म्हणणं होतं. अल्गोन्क्विनच्या टेबलाबद्दलही त्यांना पुढे फारसं कौतुक उरलं नव्हतं. त्या काळातले खरे मोठे लेखक त्या टेबलावर नव्हतेच, असं त्या म्हणायच्या.

मग व्हायरल वाक्यांचं काय?

आता सुरुवातीला सोडलेला मुद्दा. पार्कर यांच्या नावाने फिरणारी कितीतरी वाक्यं त्यांनी लिहिल्याचा किंवा बोलल्याचा पुरावा नाही. एखादी कादंबरी अलगद बाजूला न ठेवता जोरात भिरकावून द्यावी, अशा अर्थाचा जो टोमणा त्यांच्या नावावर खपतो, तो त्यांच्या कुठल्याही परीक्षणात सापडत नाही.

असं होण्याचं कारण सोपं आहे. त्या हयात असतानाच न्यूयॉर्कमध्ये कुणीही काही खोचक बोललं, की ते पार्कर बोलल्या असं सांगायची सवय लागली होती. टेबलावर बोललेलं कुणी लिहून ठेवत नव्हतं, आणि ऐकणारा आपली भर घालून पुढे सांगायचा. आपल्याकडे प्रत्येक विनोद पुलंच्या नावावर फॉरवर्ड होतो, तसंच हे. त्यामुळे पुढच्या वेळी त्यांच्या नावाचं वाक्य शेअर करण्याआधी ते कुठल्या लेखात, कुठल्या साली छापलं होतं एवढं शोधलं तरी पुरे.

आणि त्या अस्थी?

७ जून १९६७ ला न्यूयॉर्कच्या व्होल्नी हॉटेलातल्या आपल्या खोलीत डोरोथी पार्कर यांचं हृदयविकाराच्या झटक्याने निधन झालं. वय ७३. मूलबाळ नव्हतं.

मृत्युपत्र उघडलं तेव्हा सगळे चकित झाले. साधारण २० हजार डॉलर आणि सगळ्या लेखनाचे हक्क त्यांनी मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर यांना दिले होते. किंग यांच्यानंतर हे सगळं कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'एनएएसीपी' या संघटनेला जावं, असंही लिहून ठेवलं होतं. वर्षही उलटलं नाही, तोच ४ एप्रिल १९६८ ला किंग यांची हत्या झाली आणि हक्क संघटनेकडे गेले. मृत्युपत्राची अंमलबजावणी करायची होती त्यांची मैत्रीण, नाटककार लिलियन हेलमन यांना. त्यांना हे पटलं नाही. वाद कोर्टात गेला आणि हेलमन हरल्या.

या सगळ्यात अस्थींचं काय करायचं हे कुणी सांगितलंच नाही. काही वर्षं त्या दहनभूमीतच राहिल्या आणि १९७३ मध्ये वकिलाच्या ऑफिसात पोहोचल्या. तिथं पॉल ओ'ड्वायर यांच्या फायलींच्या कपाटात त्यांना जागा मिळाली.

१९८८ मध्ये 'एनएएसीपी'ने पुढाकार घेतला. बाल्टिमोरमधल्या आपल्या मुख्यालयाच्या आवारात पार्कर यांच्यासाठी छोटी बाग केली आणि अस्थी तिथं ठेवल्या. मानवी आणि नागरी हक्कांच्या पाठीराख्या अशी त्यांची ओळख फलकावर लिहिली. सोबत धुळीबद्दल माफी मागणारी ती चेष्टेची ओळही होती. आपल्या थडग्यासाठी ती पार्कर यांनीच फार पूर्वी सुचवली होती.

पुढे संघटनेने ती इमारत सोडली, तेव्हा पुन्हा प्रश्न आला. अखेर ऑगस्ट २०२० मध्ये, त्यांच्या वाढदिवसाच्या दिवशी, अस्थी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वुडलॉन दफनभूमीत आणल्या गेल्या, जिथं त्यांचे आईवडील आहेत. पुढच्या वर्षी तिथं दगड बसवला. मृत्यूनंतर ५३ वर्षांनी डोरोथी पार्कर घरी पोहोचल्या.

१९९२ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. १९९४ मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला, त्यात जेनिफर जेसन ली यांनी त्यांची भूमिका केली. १९४४ मध्ये निघालेला त्यांच्या निवडक लेखनाचा खंड आजही छापला जातो, विकला जातो.

आज फुकट मिळालेल्या वस्तूचा रिव्ह्यू पाच स्टारचाच असतो, हे आपल्याला माहीत आहे. प्रीमियरला बोलावलं की सिनेमा चांगलाच निघतो. शंभर वर्षांपूर्वी जाहिरातदाराची बायको वाईट अभिनय करते, हे लिहिल्यावर पार्कर यांना चहा पाजून घरी पाठवलं होतं. त्यांच्या सगळ्याच मतांशी सहमत व्हायची गरज नाही. पूहच्या बाबतीत तर बरेच जण होणारही नाहीत. पण त्यांचं मत विकत मिळत नव्हतं, हे त्यांच्या वाचकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच लोक दर आठवड्याला 'नेहमीचा वाचक' काय म्हणतोय हे बघायला पान उघडायचे.

आणि त्यांच्या पुस्तकांच्या विक्रीतून येणारे पैसे? ते आजही 'एनएएसीपी'लाच जातात.